मोफत ऑनलाइन कोर्सेसमुळे शिक्षण खरंच सगळ्यांपर्यंत पोहोचतंय का?

जगातल्या नामांकित विद्यापीठांचे कोर्स फुकट मिळतात, तरी बहुतेक लोक ते अर्धवट सोडतात, मग त्यांचा उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते उपयोग मोठा आहे. पण अभ्यासक्रम मिळाला म्हणजे शिक्षक मिळाला असं होत नाही, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

2012 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने सर्किट्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचा खुला कोर्स सुरू केला. सुमारे 1,55,000 जणांनी नाव नोंदवलं, पास झाले 7,000 च्या आसपास. पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्यांत मंगोलियाच्या उलानबातरमधला बट्टुशिग म्यांगनबायार हा 15 वर्षांचा मुलगा होता. पुढे तो एमआयटीतच शिकायला गेला. हुशार मुलाला फक्त इंटरनेट द्या, असं म्हणणारे त्याचंच उदाहरण देतात. पण त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीचे पदवीधर होते आणि मुलांकडून प्रत्यक्ष प्रयोग करून घ्यायला परदेशातून एक मार्गदर्शकही आला होता. यामुळे त्या मुलाची हुशारी तिळभरही कमी होत नाही. मला एवढंच म्हणायचंय, की अडलं तर विचारायला त्याच्याजवळ माणूस होतं.

ज्यांच्याजवळ असं कोणी नाही, त्यांच्यासाठीच तर हे कोर्स काढले होते! प्रत्यक्षात मात्र 2013 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने आपल्या कोर्सच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा 80 टक्क्यांहून जास्त जणांकडे आधीच पदवी होती. ज्यांना अभ्यास कसा करायचा हे माहीत आहे, इंग्रजी येतं, रोज तासभर निवांत मिळतो, त्यांनाच फायदा जास्त झाला. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गळतीच्या आकड्याने मात्र घाबरू नका. हार्वर्ड आणि एमआयटीच्या कोर्समध्ये 2017-18 साली पूर्ण करणारे जेमतेम 3 टक्के होते, पण प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत 46 टक्के. नोंदणी फुकट असल्यामुळे कित्येक जण नुसते डोकावून जातात. नाव नोंदवलेल्यांतल्या निम्म्या लोकांनी तर कोर्स उघडूनही पाहिला नव्हता. मी स्वतः संख्याशास्त्राच्या एका कोर्समधून मला हवे तेवढेच धडे घेतले. हिशेबात मी गळालेला, पण माझं काम झालं.

तुम्हाला कोर्स पूर्णच करायचा असेल तर एखादा जोडीदार शोधा, ओळखीचा नसला तरी चालेल. दर आठवड्याला एकमेकांची गणितं तपासायची एवढंच ठरवा. आणि नाव नोंदवण्याआधी स्वाध्यायही फुकट आहेत का ते बघा. हल्ली बऱ्याच ठिकाणी व्हिडिओ मोफत असतात, पण उत्तरं तपासून हवी असतील तर पैसे भरावे लागतात.