सैन्यात 9 मिमीचंच पिस्तूल का देतात? .45 का नाही?

9 मिमीच्या गोळीने माणूस थांबत नाही, मग अमेरिकी सैन्याने .45 (म्हणजे 0.45 इंच जाडीची गोळी) का सोडलं, असा तुमचा प्रश्न आहे. मी नेमबाजी शिकवतो, आणि हा वाद माझ्यासमोर रोजचाच.

.45चा दबदबा फिलिपिन्समधून आला. मोरो (दक्षिण फिलिपिन्समधले मुस्लिम) लढवय्ये .38 रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या खाऊनही अंगावर येतात, अशी अमेरिकी सैनिकांची तक्रार होती. मग 1904 मध्ये मृतदेहांवर आणि गुरांवर चाचण्या झाल्या (त्यांची वर्णनं आज वाचवत नाहीत), आणि त्यातून पुढे 1911चं .45 कोल्ट पिस्तूल आलं. 1985 मध्ये अमेरिकेने 9 मिमीचं बेरेटा एम9 घेतलं ते मुख्यतः नाटोतल्या सगळ्यांचं काडतूस एकच असावं म्हणून. शिवाय मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या कप्प्यात, 7 ऐवजी 15 गोळ्या बसू लागल्या.

आता थांबवण्याचं. रायफलची गोळी सेकंदाला 900 मीटरच्या आसपास जाते, 9 मिमीची साधारण 370 आणि .45ची जेमतेम 260. एवढ्या कमी वेगामुळे पिस्तुलाची गोळी, मग ती कुठलीही असो, वाटेत येईल तेवढंच फाडते. त्यामुळे ती लागली कुठे यालाच महत्त्व, आणि हलक्या धक्क्याचं, म्हणजे 9 मिमीचं, पिस्तूल बहुतेकांना लवकर साधतं.

माझ्या मते कॅलिबरपेक्षा (गोळीच्या जाडीपेक्षा) मूठ आधी बघावी. एम9ची मूठ जाड, पहिला ट्रिगर लांब आणि जड. लहान हाताच्या माणसाचं जेमतेम बोटाचं टोक ट्रिगरवर पोचतं. उजवा हात असेल तर पहिली गोळी हमखास डावीकडे जाते. दुसरीला ट्रिगर हलका होतो, की पुन्हा सगळं गणित वेगळं. अमेरिकी सैन्याने एम9च्या जागी 2017 मध्ये निवडलेल्या एम17 पिस्तुलाची मूठ लहान-मोठी बदलता येते. हा बदल मला 9 मिमी किंवा .45, कुठल्याही गोळीपेक्षा मोठा वाटतो.

काडतूस निवडणं तर सैनिकाच्या हातात नसतंच. 1899च्या हेग जाहीरनाम्याने शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांना मनाई केली, म्हणून बहुतेक सैन्यं पूर्ण धातूचं कवच असलेलीच गोळी वापरतात. अमेरिकेने त्यावर सही केलेली नाही. एम17साठी तिने हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेली, शरीरात पसरणारी गोळीही घेतली आहे.

आणि एम9ला इराकमध्ये जी नावं ठेवली गेली, त्यातली बरीचशी मॅगझिनची कटकट होती. मॅगझिनच्या आतल्या खरखरीत मुलाम्यात बारीक वाळू अडकायची आणि गोळी वर सरकायचीच नाही. तिथे .45 असतं तरी काय केलं असतं?