सोसायटीच्या पार्किंगमध्ये ईव्ही चार्जर बसवायला समिती नकार देत असेल तर काय करावं?

आधी अर्ज लेखी द्या. तोंडी बोलणं वर्षभर लटकतं. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली आहे. त्यानुसार ईव्हीसाठी वेगळं वीज कनेक्शन मागता येतं. महाराष्ट्रात ईव्ही चार्जिंगचा वीजदरही स्वतंत्र आहे. वेगळा मीटर आला की 'तुमच्या गाडीचं बिल आम्ही का भरायचं?' हा वादच मिटतो, आणि बहुतेक भांडणं मला इथूनच सुरू होताना दिसतात.

समितीची खरी भीती लोडची असते, आणि ती रास्त आहे. 7.4 किलोवॅटचे दहा चार्जर एकदम सुरू झाले तर 74 किलोवॅट लागतात. जुन्या इमारतीची मुख्य केबल तेवढं पेलेलच असं नाही. पण रोजच्या वापराला एवढा मोठा चार्जर लागतो कुठे? दिवसाला 40 किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला साधारण सहा युनिट पुरतात. 3.3 किलोवॅटच्या साध्या चार्जरवर हे दोन तासांत भरतं, तेही रात्री, लिफ्ट-पंप शांत असताना. सभेत हा हिशोब मांडाच.

वायरिंग मात्र परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. प्रत्येक चार्जरला स्वतंत्र एमसीबी (जादा वीज ओढली गेली की पुरवठा तोडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच. घरातून खिडकीवाटे एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडून गाडी चार्ज करू नका. रात्रभर तापणाऱ्या वायरीखाली लोक झोपलेले असतात.