कुत्रा राहू दे, कच्चं मटण नको

घरात गरोदर बाई आणि कुत्रा असले की माझ्याकडे येणारा प्रश्न पूर्वी ठरलेला असायचा. कुत्र्याचे केस पोटात गेले तर बाळाला काही होईल का? अलीकडे मुंबईत दुसराच प्रश्न जास्त ऐकू येतो. नवरा कुत्र्याला कच्चं मटण-चिकन घालतो, घरच्यांना ते नको असतं, तो म्हणतो कुत्रा कधी नव्हे एवढा तंदुरुस्त आहे, आणि बोलता बोलता गोष्ट कुत्र्याला कुणाला तरी देऊन टाकण्यावर येते.

मी कुटुंब-समुपदेशक आहे, पशुवैद्य नाही. पण एका घराच्या निमित्ताने या विषयात मला खोल उतरावं लागलं. त्या घरच्यांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून, ती हकिगत इथे लिहिते.

घर लालबागचं. चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीतला वन-बीएचके. सासू-सासरे, मुलगा-सून आणि चार वर्षांचा लॅब्रॅडॉर, ब्रूनो. सुनेला पाचवा महिना. सासरे मधुमेही, इन्सुलिनवर. मंडळी मूळची मालवणकडची, म्हणजे मांस-मच्छीचं वावडं कुणालाच नाही. सासूबाईंचे सोमवार, चतुर्थी आणि श्रावण तेवढे कडक.

आधी सून एकटीच आली. म्हणाली, "ताई, मला ब्रूनो आवडतो. पण फ्रीज उघडला की दुधाच्या पातेल्याशेजारी रक्त सुटलेली पिशवी दिसते. सिंकमध्ये त्याचं भांडं, त्याच सिंकमध्ये मी भाजी धुते. काही बोलले की हा म्हणतो, तुला ब्रूनो नकोच आहे."

पुढच्या भेटीला नवरा आला, चेहऱ्यावर वकिली तयारी घेऊन. त्याला बोलू दिलं. ब्रूनोला दीड-दोन वर्षं खाज होती. पंजे आणि पोट चाटून चाटून लाल. गोळ्या, शाम्पू, इंजेक्शनं झाली. औषध थांबलं की पुन्हा सुरू. मग एका मित्राकडून त्याला कच्च्या आहाराबद्दल कळलं. चिकनचं तयार कोरडं खाणं बंद करून त्याने बोकडाचा कच्चा खिमा, कलेजी, कधी वजडी सुरू केली. काही आठवड्यांत खाज बसली. केसांना तकाकी आली, शी कमी आणि घट्ट व्हायला लागली. "सगळे मला वेड्यात काढत होते," तो म्हणाला, "आणि तो बरा झाला. आता तेच सगळे म्हणतात, बंद कर."

जो माणूस रात्री उठून कुत्र्याचे पंजे कोमट पाण्याने धुवत बसलाय, त्याला 'हे बंद कर' हे शब्द 'तू केलंस ते चुकीचं केलंस' असेच ऐकू येतात. त्याच्यापुढे जंतूंची यादी वाचून काहीही साधत नाही. तो अजून चार व्हिडिओ पाहून येतो. म्हणून कच्चं चांगलं की वाईट हा विषय मी त्या दिवशी काढलाच नाही. पुढच्या वेळी चौघांनाही बोलावलं आणि प्रत्येकाला एकच विचारलं: घरातून नेमकं काय गेलेलं तुम्हाला हवंय?

सासूबाई म्हणाल्या, "फ्रीजमधली ती पिशवी. माझं नैवेद्याचं दूध असतं तिथे." सून म्हणाली, ओट्यावरचं आणि सिंकमधलं कच्चं मटण. सासऱ्यांना काहीच घालवायचं नव्हतं. संध्याकाळी ब्रूनोला घेऊन खाली जाणं हाच त्यांचा व्यायाम. कुत्रा गेलेला कुणालाच नको होता. नवरा सगळ्यांकडे पाहत राहिला. महिनाभर तो जे भांडत होता ते ब्रूनोला वाचवण्यासाठी, आणि ब्रूनोवर कुणी उठलंच नव्हतं. सासूबाईंनी रागाच्या भरात एकदा 'देऊन टाक त्याला' म्हटलं होतं, तेच त्याच्या कानात बसलं होतं. त्यांनी ते तिथल्या तिथे मागे घेतलं. "अरे, माझ्या हातची पोळी खाल्ल्याशिवाय तो झोपतो का?"

मला विचाराल तर अर्धं काम तिथे झालं. उरलेलं अर्धं मात्र गप्पांनी होणारं नव्हतं, त्याला माहिती लागत होती. मी दोघा नवरा-बायकोला ब्रूनोसकट पशुवैद्याकडे पाठवलं. (ज्यांचा ठरलेला डॉक्टर नाही त्यांच्यासाठी सांगते: परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे आणि तिथलं बैलघोडा हॉस्पिटल गिरणगावात कुणीही दाखवेल.) प्रश्न आधी लिहून न्यायला सांगितले, त्याचे त्याने आणि तिचे तिने.

त्याचा पहिला प्रश्न: कुत्रा हा लांडग्याचाच वंशज ना, मग कच्चं मांस हेच त्याचं खरं अन्न नाही का? वंशज खरा, पण माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षं काढून त्याचं पोट बदललं आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. भात, पोळी, रताळं तो शिजवलेलं असेल तर नीट पचवतो.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता. कुत्र्याच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की जंतू मरतात, असं त्याने वाचलं होतं, आणि ब्रूनो खरंच एकदाही आजारी पडला नव्हता. इथेच बहुतेक लोक फसतात. कच्च्या मांसातला साल्मोनेला हा जंतू कुत्र्याला काहीही न करता त्याच्या आतड्यातून जिवंत बाहेर पडू शकतो. कुत्रा धडधाकट दिसतो, आणि जंतू त्याच्या शीमध्ये, तोंडाला, पंजांना, भांड्याला असतो. मग तो तोंड चाटतो, सोफ्यावर बसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात पाळीव प्राण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले; १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया सापडला. हे पाकीटबंद, गोठवलेलं खाद्य होतं. आपण खाटकाकडून काळ्या पिशवीतून, मुंबईच्या उकाड्यात घरी आणतो त्याची गोष्ट आणखी वेगळी. अमेरिकी पशुवैद्यक संघटनेने २०१२ सालीच कच्चं किंवा अर्धकच्चं मांस कुत्र्या-मांजरांना देऊ नका अशी भूमिका घेतली, ती माणसांची आणि प्राण्यांची दोघांची काळजी म्हणून.

लिस्टेरियाबद्दल डॉक्टरांनी सुनेला वेगळं बसवून सांगितलं, आणि मीही ते प्रत्येक गरोदर बाईला सांगते. हा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो. आईला थोडा ताप, अंगदुखी एवढंच होतं, पण त्यातून गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटातच दगावू शकतं. दुधाच्या पातेल्याशेजारी ठिबकणारी पिशवी बघून तिला जे वाटत होतं, ती नुसती किळस नव्हती.

तिची दुसरी भीती मात्र निराधार निघाली. शेजारणीने तिला टॉक्सोप्लाझ्माचं नाव सांगून घाबरवलं होतं: कुत्र्यामुळे बाळाला व्यंग येतं म्हणून. त्या परजीवीची अंडी मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या विष्ठेतून पडतात, कुत्र्याच्या नाही. कच्च्या मांसात मात्र तो असू शकतो, म्हणून गरोदरपणी मटणाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, मग ते कुत्र्याचं असो की घरच्या रश्श्याचं. आणि केसांचं म्हणाल, तर कुत्र्याचे केस गर्भापर्यंत पोचत नाहीत. निव्वळ गैरसमजापोटी या शहरात किती कुत्रे रस्त्यावर आले असतील, याचा विचार करून मला वाईट वाटतं.

नवऱ्याला खरं हलवलं ते वजडी आणि कलेजीच्या मुद्द्याने. शेळ्यामेंढ्यांच्या यकृतात, फुप्फुसात कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्या कच्च्या कुत्र्याच्या पोटात गेल्या की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे पट्टकृमी (चपटे जंत, टेपवर्म) तयार होतात. कुत्र्याला काही त्रास नाही. पण त्यांची अंडी शीतून बाहेर पडतात, आणि ती माणसाच्या पोटात गेली की यकृतात किंवा फुप्फुसात तशीच गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढत राहते. ब्रूनो खाली कुठे बसतो? इमारतीच्या मागच्या मातीत. तिथे संध्याकाळी कोण खेळतं? सोसायटीतली सगळी पोरं. हे ऐकल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, असं त्याच्या बायकोने मला सांगितलं. डॉक्टरांनी ब्रूनोला लगेच जंताचं औषध दिलं आणि शी उचलायचं काम सुनेने करायचं नाही असं बजावलं.

आणखी एक गोष्ट निघाली, जी त्याला कुणीच सांगितली नव्हती. नुसत्या बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. कुत्र्याला कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा थोडं जास्तच लागतं. ते मिळालं नाही की शरीर हाडांतून ओढून घेतं. वाढत्या पिल्लाला महिनोन्‌महिने फक्त खिमा घातला तर चालता चालता हाड मोडण्याची वेळ येते. ब्रूनो मोठा असल्याने निभावला होता. रोज कलेजी दिली तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो, तोही त्रासच. हाडं द्यावीत, तर कच्च्या कडक हाडांनी दात तुटतात, आतड्यात तुकडा अडकतो. शिजवलेल्या हाडांच्या तर सुया होतात, ती कधीच द्यायची नाहीत.

आता खाज. ती खरोखर थांबली होती, आणि त्याचं निरीक्षण कुणी खोटं ठरवू नये असा माझा आग्रह होता. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "तुम्ही एका वेळी किती गोष्टी बदलल्या?" चिकन बंद केलं, तयार खाणं बंद केलं, बोकडाचं मटण सुरू केलं, आणि ते कच्चं दिलं. कुत्र्यांना अन्नाची ॲलर्जी असते ती बहुधा विशिष्ट प्रथिनाची, आणि चिकन त्या यादीत वर आहे. गुण चिकन थांबवण्याचा असेल, तर तेच मटण शिजवून दिलं तरी खाज परत यायला नको. तकाकी चरबीची, ती शिजवूनही राहते. करून पाहायला काय हरकत आहे?

हे त्याला पटलं, कारण यात त्याची हार नव्हती. चिकन सोडायचा त्याचा निर्णय बरोबर ठरत होता, फक्त कुकर चढवायचा होता. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे आहार लिहून दिला: बिनहाडाचं मटण, भात, लाल भोपळा, गाजर, आणि मोजून कॅल्शियमची पूड. कांदा-लसूण बिलकूल नाही. कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून घरच्या रश्श्यातला तुकडाही नाही. द्राक्षं-बेदाणे नाहीत. सासूबाईंची रात्रीची पोळी अर्धी करून चालू राहिली. ब्रूनोचा छोटा कुकर वेगळा आला. मटण आणलं की झाकणाच्या डब्यात, फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, आणि त्याच दिवशी शिजवायचं. नळाखाली धुवायचं नाही, कारण शिंतोडे ओटाभर उडतात आणि जंतू काही धुऊन जात नाहीत. ते मरतात शिजवल्यावरच. गोठवण्यानेही मरत नाहीत, नुसते झोपतात. श्रावणात मटण आदल्या आठवड्यात शिजवून, छोट्या डब्यांत भरून, मित्राकडच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवायचं, ही तडजोड त्या माय-लेकांनी आपसात काढली. मी सुचवलेली नाही.

खाज लगेच परत आली नाही. पावसाळ्यात मात्र ब्रूनो पंजे चाटायला लागला आणि नवऱ्याचा फोन आला: "बघा, कच्चं बंद केलं आणि…" मी म्हटलं, आधी दाखवून या. पंज्यांच्या बोटांमध्ये ओल राहून बुरशी धरली होती. मलम आणि रोज पाय कोरडे पुसणं एवढ्यावर ते गेलं. मुंबईच्या जूनमध्ये हे निम्म्या कुत्र्यांना होत असावं. पण तो घाईने परत खिम्याकडे वळला नाही, आधी त्याने विचारलं, याचं मला समाधान वाटलं.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी आता सरळ सांगते. घरात गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, साठी-पासष्टी ओलांडलेलं माणूस, मधुमेही, कॅन्सरचे उपचार घेणारं किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं खाणारं कुणी असेल, तर कुत्र्याला कच्चं मांस नको. आपल्या घरांत यातलं एकही माणूस नाही असं घर मला क्वचितच भेटतं. मात्र हे सांगताना जो खाऊ घालतो त्याला आधी ऐकून घ्या, आणि कुत्रा कुठेही जाणार नाही हे पहिल्या वाक्यात सांगा. आधीपासून कच्चं देत असाल आणि घरात कुणाला ताप, जुलाब झाले, तर आपल्या डॉक्टरांना ते सांगायला विसरू नका. सांगितल्याशिवाय त्यांना ते सुचणार नाही.

शेवटच्या भेटीत त्याने विचारलं, "बाळ झाल्यावर पुन्हा सुरू केलं तर?" रांगणारं मूल दिवसभर जमिनीवर असतं आणि हात तोंडात घालतं, हे उत्तर त्याच्या बायकोनेच दिलं. तो अजूनही मानतो की कच्चं काही सगळं वाईट नाही, आणि मी त्याचं मत बदलायला गेले नाही. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत घरात कच्चं नाही, पुढचं पशुवैद्याला विचारून, असं त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं आहे. तोवर ब्रूनो नऊ-दहा वर्षांचा म्हातारा होईल आणि त्याच्या पोटाला काय सोसेल हा प्रश्नच वेगळा असेल.