वडिलांच्या दारूचा घरच्यांवर खरंच एवढा परिणाम होतो, की मीच जास्त विचार करतेय?

तुम्ही लिहिलंय की बाबा रोज पितात, आई त्यांच्या ऑफिसला फोन करून तब्येत बरी नाही म्हणून सांगते, दहावीतला भाऊ घरात बोलेनासा झालाय, आणि जेवणातून द्यायचं ते औषध मागवू का.

औषधाचं आधी सांगतो कारण तिथे जिवाशी गाठ आहे. नका देऊ. 'न सांगता दारू सोडवा' वाल्या पुडीत काय असतं देव जाणे, आणि काही जण मेडिकलमधून डायसल्फिराम ही दारू सोडवायची गोळीच आणून भाजीत कालवतात. ती गोळी पोटात असताना माणूस प्यायला की अंगात ॲसिटाल्डिहाइड, म्हणजे दारूपासून बनणारं विषारी द्रव्य, साठतं, तोंड लालबुंद, उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली, काही वेळा जीवही जातो. गोळी थांबवल्यावर दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. डॉक्टर ती देतात, पण पेशंटला सांगून आणि तपासण्या करून. आणि रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून त्याची दारू एकदम बंद पण करू नका, फिट येते, दोन-तीन दिवसांनी भास सुरू होतात, ते हॉस्पिटलचं काम आहे.

आता परिणामाचं. माझे वडील पण प्यायचे, नोकरी सरकारी, मारहाण वगैरे काही नाही, त्यामुळे नातेवाईक म्हणायचे 'पितो पण माणूस देव आहे हो', आणि हे ऐकलं की आजही माझं डोकं फिरतं, कारण त्या देवाच्या मागे अख्खं घर ड्युटीवर असायचं. कुणाचं लग्न असलं की बाबांवर लक्ष ठेवायचं काम माझं, ते मंडपाच्या मागे गेले की मी मागे, जेवणावळीत मी त्यांच्या शेजारी, बाकीची पोरं नाचतायत आणि मी बाबा कुणाशी काय बोलतायत ते ऐकतोय. ताईला बघायला पाहुणे यायचे ते कायम सकाळी, संध्याकाळची वेळ आई देतच नव्हती, मग पुढे लोकच विचारायला लागले की तुमच्याकडे नेहमी सकाळीच का. मित्रांना मी घरी बोलवायचोच नाही. पगाराच्या दिवशी आई दुपारपासून कुणाशी धड बोलायची नाही. पैसे गेले ते गेलेच, पण घरातल्या प्रत्येकाला खोटं सफाईने बोलता यायला लागतं, आणि ते बाहेर पण बोललं जातं, गरज नसताना. तुमचा भाऊ गप्प आहे ते मला तरी यातलंच वाटतं, तोंड उघडलं की काहीतरी निसटेल ही भीती.

एक गोष्ट लोक सांगत नाहीत, दारू सुटली की घर लगेच नीट होत नाही. बाबा व्यसनमुक्ती केंद्रातून आले, खरंच पीत नव्हते, तरी आई ते बाथरूममधून बाहेर आले की वास घ्यायची. ते म्हणाले आता बँकेचं मी बघतो, तर ताई भडकली, इतकी वर्षं कुठे होतात म्हणून. जो राग पिताना काढता येत नव्हता तो सगळा तेव्हा निघाला.

म्हणून मदत फक्त त्यांना नको, तुम्हालाही हवी. अल-अनॉन नावाचे गट घरच्यांसाठीच असतात, ते १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झाले, एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हे पिणाऱ्यांचे गट सुरू करणाऱ्या बिल यांची बायको लोइस त्यात होती, आणि बाबा सोडायला तयार नसले तरी तुम्ही दोघी जाऊ शकता. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी सहचरी गट आहे, आईला विचारून बघा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६. लाज वाटत असेल तर एवढंच, २०१९ च्या एम्सच्या सर्व्हेनुसार देशात दारूमुळे मदतीची गरज असलेले लोक साधारण ५.७ कोटी आहेत, तेवढ्यांच्या घरी हेच चाललंय.

आईला म्हणा, बाकी काही नाही जमलं तरी ऑफिसचा फोन त्यांचा त्यांना करू दे. सुरुवातीला घरात आदळआपट होईल, होऊ द्या. फक्त हात उचलत असतील तर हे सगळं बाजूला, सरळ ११२ किंवा महिलांसाठीचा १८१, आणि भावाला घेऊन त्या रात्री मामाकडे वगैरे निघा.