नाण्यांचं काहीबी विचारा

प्रश्न : आमचे दाजी बरीच वर्षं बहरीनला एसीच्या कामावर होते, आता परत आलेत परभणीला. त्यांच्या डब्यात तिकडची चिल्लर निघाली, त्यात एका नाण्यावर वाकड्या खांबांवर गोळा ठेवल्यासारखं चित्र आहे. आमचा चुलतभाऊ म्हणायलाय की हे बंदी घातलेलं नाणं आहे, लाखाला जातं. खरं आहे का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : अर्धं खरं आहे. ताई, ते ५०० फिल्सचं नाणं. तिकडं १ दिनारचे १००० फिल्स, म्हणजे तुमच्या हातातला अर्धा दिनार, नुसत्या दर्शनी किमतीनंच शंभर रुपयांच्या वर जातो. चित्रातले ते वाकडे खांब म्हणजे जहाजाची सहा शिडं आणि वर मोती, बहरीनची राजधानी मनामा, तिथलं पर्ल मॉन्युमेंट. तेल सापडायच्या आधी तिथले लोक मोती काढूनच पोट भरायचे. आखाती देशांची परिषद १९८२ ला बहरीनला भरली तेव्हा ते उभं केलं, २००० साली नाण्यावर आणलं.

मग २०११ च्या फेब्रुवारीत सरकारविरोधात लोकांनी हे मॉन्युमेंट होतं त्याच चौकात ठिय्या मांडला, आणि १८ मार्चला सरकारनं मॉन्युमेंटच पाडून टाकलं, पाडताना एक परदेशी क्रेनवाला जीवानिशी गेला ते वेगळंच. नंतर हे नाणंसुद्धा चलनातून काढून घेतलं. राजाची नाणी वितळवल्याचं इतिहासात ढिगानं सापडतं हो, पण चौकातला खांब पाडला म्हणून त्याचं नाणंही गोळा करायचं हे मला तरी दुसरीकडं कुठं दिसलेलं नाही. ‘बंदी’ म्हणतात ती एवढीच.

आता लाखाचं. ते डोक्यातून काढा. ही नाणी रोजच्या वापरासाठी पाडलेली, दाजींसारख्या कितीतरी जणांच्या डब्यात पडून आहेत. आणि कोणी फोन करून ‘आधी रजिस्ट्रेशन फी भरा, मग लाख देतो’ म्हणाला तर सरळ फोन ठेवा, रिझर्व बँकेनं २०२१ मध्येच सांगितलंय की आमच्या नावानं जुन्या नाण्यांसाठी फी मागणारे सगळे फ्रॉड आहेत.

नाण्यावरचं देशाचं नाव मात्र नीट वाचून घ्या. २००२ च्या फेब्रुवारीत बहरीन ‘राज्य’चं ‘राजेशाही’ झालं, म्हणून आधीच्या नाण्यावर अरबीत ‘दौलत’ आणि नंतरच्यावर ‘ममलकत’ असतं. वाचता येत नसेल तर गावात निजामाच्या काळी उर्दू शाळेत गेलेलं कोणी म्हातारं माणूस असलं तर त्यांना दाखवा, ज्यांनी चारमिनारवाला हाली सिक्का वापरलाय ते हे अक्षर चष्मा पुसून आरामात लावतील. अरबी आकड्यात पाच आपल्या शून्यासारखा गोल आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका, त्यामुळं नवखा माणूस ५०० बघून गोंधळतोच.

डब्यातली बाकीची चिल्लर फेकू नका. ५ आणि १० फिल्सवर खजुराचं झाड, ५० वर शिडाचं जहाज, १०० दोन धातूंचं. माझं आवडतं २५ फिल्सचं, त्याच्यावर दिलमुनचा, म्हणजे प्राचीन बहरीनचा शिक्का आहे, चार हजार वर्षांपूर्वी तिथले व्यापारी मालावर दाबायचे तसला. त्याच आखाती पद्धतीचा एक गोल शिक्का गुजरातमध्ये सिंधू संस्कृतीच्या लोथलला सापडलाय, म्हणजे आपल्या लोकांचं बहरीनला जाणंयेणं दाजींच्या कितीतरी आधीचं!

प्रश्न : आमचे आजोबा म्हणतात पूर्वी अरबस्तानात आपलाच रुपया चालायचा. थापा मारायलेत का? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : अजिबात नाही. कुवेत, बहरीन, कतार, दुबई, मस्कत सगळीकडं रुपया चालायचा. पण त्या रुपयांनी तिकडं सोनं घेऊन इकडं चोरून आणायचे आणि तिकडं साठलेल्या नोटांच्या बदल्यात आपल्याला परकीय चलन मोजावं लागायचं, म्हणून १९५९ ला आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, नंबरच्या आधी झेड अक्षर असलेल्या, त्या भारतात चालत नसत. नाणी मात्र आपलीच राहिली. कुवेतनं १९६१ ला स्वतःचा दिनार आणला. बहरीननं १९६५ ला, १० रुपयाला १ दिनार या भावानं, आणि पुढच्याच वर्षी ६ जूनला आपल्या रुपयाचं अवमूल्यन झालं. बहरीनवाले वेळेत सुटले म्हणायचं. कतार-दुबईनं मग घाईघाईत रुपया सोडला, ओमाननं १९७० पर्यंत ओढला. आजोबांकडं झेडवाली नोट असेल तर ती मात्र जपून ठेवा, तिला खरंच गिऱ्हाईक आहे.

प्रश्न : काळं पडलेलं नाणं चिंचेनं घासलं तर चालंल का? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : तांब्याचा हंडा घासा चिंचेनं. नाणं घासलं की किंमत गेली. साध्या पाण्यातून काढा, मऊ फडक्यानं टिपून घ्या, बास.