स्क्रीन कधी लावायची? विज्ञानाच्या तासाबद्दल वाचकांचे प्रश्न

माध्यमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासाबद्दल आम्ही प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं पॅनेल, मोबाइल आणि इंटरनेट यांच्याभोवतीच फिरणारी निघाली. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातली अडचण मला शाळाशाळांतून दिसते आणि ती नीट सोडवली, तर बाकीचं पुष्कळसं आपोआप सुटतं.

प्रश्न : मॅडम, आमच्या शाळेला यंदा मोठं इंटरॅक्टिव्ह पॅनेल मिळालं. मी दहावीला विज्ञान भाग १ शिकवते. भिंगांचा धडा मी पूर्ण ॲनिमेशनवर घेतला. मुलं अगदी शांत बसून बघत होती. पण चाचणीत ‘अर्धं भिंग कागदाने झाकलं तर प्रतिमेचं काय होईल?’ असं विचारल्यावर जवळपास सगळ्यांनी ‘अर्धीच प्रतिमा दिसेल’ असं लिहिलं. काय करावं?
– एक शिक्षिका, परभणी जिल्हा

बाई, मुलांना हे उत्तर कुठून मिळालं ते आधी बघू. किरणाकृती काढताना आपण वस्तूच्या टोकापासून दोन किरण काढतो. एक मुख्य अक्षाला (भिंगाच्या मधोमध जाणाऱ्या आडव्या रेषेला) समांतर, दुसरा प्रकाशीय केंद्रातून, म्हणजे भिंगाच्या मध्यातून जाणारा. फळ्यावर दोन, पुस्तकात दोन आणि ॲनिमेशनमध्येही तेच दोन, फक्त रंगीत आणि सरकणारे. मुलाच्या मनात पक्कं बसतं की प्रतिमा या दोन किरणांनीच तयार होते. मग वरचा भाग झाकला की एक किरण अडला आणि अर्धी प्रतिमा गेली. त्यांना जेवढं दाखवलं तेवढ्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष तर्काला धरूनच आहे. म्हणून तेच ॲनिमेशन दुसऱ्यांदा लावून काही होणार नाही.

पुढच्या तासाला असं करून बघा. पॅनेल बंद ठेवा. प्रश्न फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाला आपला अंदाज वहीत लिहायला सांगा: अर्धी प्रतिमा दिसेल, पूर्ण पण अंधूक दिसेल, की काहीच दिसणार नाही? तोंडी विचारू नका. तोंडी विचारलं की पहिल्या बाकावरचा जे म्हणतो तेच सगळे म्हणतात. एकदा लिहिलं की ते स्वतःचं होतं, आणि ते खरं ठरतंय का हे बघायला मुलं मान उंचावतात.

मग एक साधं वाचायचं भिंग घ्या. खिडकी एकच उघडी ठेवा आणि तिच्या समोरच्या भिंतीजवळ भिंग धरून हळूहळू मागेपुढे करा. एका जागी भिंतीवर खिडकी उमटते: उलटी, लहान, तिच्या गजांसकट, बाहेरच्या झाडाच्या हलणाऱ्या फांदीसकट. मुलांना एवढं बघूनच आनंद होतो, त्याला वेळ द्या. आता एका मुलीला बोलवा आणि भिंगाचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकायला सांगा. खिडकी तशीच राहते. सगळे गज जागेवर, फक्त उजेड कमी. खालचा अर्धा झाकला तरी तेच. वर्गातून ‘असं कसं?’ आलं की तास सुरू झाला.

आता पॅनेल लावा. ‘फेट’ नावाची सिम्युलेशन्स फुकट मिळतात. २००१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले कार्ल वायमन यांनी २००२ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. भूमितीय प्रकाशाचं सिम्युलेशन उघडा आणि दोन किरणांऐवजी ‘पुष्कळ किरण’ हा पर्याय निवडा. वस्तूच्या एकाच बिंदूपासून निघालेले किरण भिंगभर पसरून पुन्हा एका बिंदूत मिळताना दिसतात. भिंगाचा व्यास कमी करा. किरण घटतात, पण मिळायचे तिथेच मिळतात. म्हणजे भिंगाचा प्रत्येक तुकडा पूर्ण प्रतिमा घडवतो, आणि आपण काढतो ते दोन किरण फक्त प्रतिमेची जागा शोधायला सोयीचे असतात. हे वाक्य तुम्ही बोलू नका, मुलांकडून येऊ द्या. थोडा वेळ लागेल, पण येतं.

खरं भिंग भिंतीवर काय होतं ते दाखवतं, पण किरण दाखवू शकत नाही. सिम्युलेशन किरण दाखवतं, पण ते खरंच तसं घडतं का याची खात्री देऊ शकत नाही. म्हणून दोन्ही हवीत आणि याच क्रमाने हवीत.

हार्वर्ड विद्यापीठातले प्राध्यापक एरिक मझुर आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्गात प्रयोग करून दाखवला आणि विद्यार्थ्यांनी तो नुसता बघितला, तर न बघितलेल्यांपेक्षा त्यांना फारसं जास्त कळत नाही. प्रयोगाआधी अंदाज करायला लावला की समज स्पष्टपणे वाढते. हे खऱ्याखुऱ्या प्रयोगांबद्दल आहे. मग पडद्यावरच्या ॲनिमेशनपुढे मुलं शांत बसली म्हणजे त्यांना समजलं, असं कसं म्हणता येईल? विज्ञानाच्या तासाला मला तरी थोडी कुजबुज, थोडा वाद ऐकू आलेला आवडतो.

प्रश्न : ताई, माजी विद्यार्थ्यांनी शाळेसाठी चांगली वर्गणी जमवली आहे. ‘सायन्स लॅब डिजिटल करा’ असा त्यांचा आग्रह आहे. एका विक्रेत्याने पॅनेल आणि ई-लर्निंगचा संच असा प्रस्ताव दिला आहे. घ्यावा का?
– मुख्याध्यापक, रत्नागिरी जिल्हा

सर, सही करण्याआधी विक्रेत्यासमोर वायफाय बंद करा आणि संच उघडून दाखवायला सांगा. दर वर्षी पैसे भरावे लागणार का, बिघडलं तर दुरुस्तीला माणूस कुठून येणार, पावसाळ्यात वीज गेली तर काय, हे सगळं लेखी घ्या. कोकणातल्या पावसात हा शेवटचा प्रश्न छोटा नाही.

दुसरं म्हणजे, फुकट आहे ते विकत घेऊ नका. फेटबद्दल वर लिहिलंच आहे. सी-डॅक आणि अमृता विद्यापीठ यांनी नववी ते बारावीसाठी तयार केलेल्या ‘ओलॅब्स’वर प्रयोगांची कृती, सिम्युलेशन आणि प्रश्न आहेत. २०१७ पासून सुरू असलेलं ‘दीक्षा’ हे सरकारी शैक्षणिक संकेतस्थळ आहे, पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की तिथे जाता येतं. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून करायचे शेकडो प्रयोग आहेत, तेही विनामूल्य.

माझा आग्रह वेगळ्या खरेदीचा आहे. एक साधा प्रोजेक्टर, एक लॅपटॉप आणि इन्व्हर्टर. उरलेल्या पैशांत मुलांच्या हातात देता येईल असं सामान: दर चार मुलांमागे एक मल्टिमीटर (दोन-तीनशे रुपयांत साधा मिळतो), बहिर्वक्र भिंगं, थर्मामीटर, चुंबक, वायर, सेल, सूक्ष्मदर्शक. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनू प्रकाश यांनी कागदाची घडी घालून बनवलेला ‘फोल्डस्कोप’ सुमारे १४० पट मोठं दाखवतो आणि दप्तरात मावतो. डबक्यातल्या पाण्याचा एक थेंब घेऊन मुलगी तो घरी आजीला दाखवू शकते. पॅनेल घरी नेता येत नाही.

आणि सर, प्रयोगशाळेच्या कपाटाचं कुलूप. बऱ्याच शाळांत सामान असतं, पण ‘फुटेल’ म्हणून ते बंद असतं आणि त्याच प्रयोगाचा व्हिडिओ लावला जातो. सोडियम पाण्यात टाकला तर काय होतं हे व्हिडिओवरच दाखवायला हवं, कारण ते धोक्याचं आहे. पण हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी पडलं की तो लाल होतो, हे व्हिडिओवर दाखवण्याचं काहीच कारण नाही. चार परीक्षानळ्या फुटतील. त्यांची तरतूद वर्गणीतच करून ठेवा.

प्रश्न : मॅडम, मी नववीत आहे. ध्वनीचा वेग पुस्तकात दिलाय. तो मोबाइलने खरंच मोजता येतो का? घरी आई आणि बाबा दोघांचे मोबाइल आहेत.
– एक विद्यार्थिनी, नाशिक जिल्हा

येतो, आणि तुझ्याकडे दोन मोबाइल आहेत हे फारच उत्तम. जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्रविद्यापीठाने ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत ॲप तयार केलं आहे. ते मोबाइलमधले सेन्सर वापरून मोजमाप करू देतं. त्यात आवाजाने सुरू होणारं आणि आवाजानेच थांबणारं स्टॉपवॉच आहे. दोन्ही मोबाइलवर ते उघड.

शांत मैदानावर टेपने बरोबर १० मीटर मोज. एका टोकाला तू आणि एक मोबाइल, दुसऱ्या टोकाला मैत्रीण आणि दुसरा. आधी तू टाळी वाजव. तुझं घड्याळ लगेच सुरू होतं, तिचं मात्र आवाज तिथे पोचल्यावर. मग दोन-एक सेकंदांनी तिने टाळी वाजवायची. तिचं घड्याळ लगेच थांबतं, तुझं थोडं उशिरा. म्हणजे आवाजाने एकदा जायला आणि एकदा यायला घेतलेला वेळ तुझ्या घड्याळात जास्तीचा मोजला जातो. समज, तुझ्याकडे २.१२८ सेकंद आले आणि तिच्याकडे २.०७१. फरक ०.०५७ सेकंद. एवढ्या वेळात आवाज २० मीटर गेला. भागाकार कर, सेकंदाला सुमारे ३५१ मीटर येतात.

पुस्तकातल्या आकड्याशी जुळला नाही म्हणून खोडू नकोस. हवेचं तापमान मोज. ०° सेल्सिअसला हा वेग सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. ३० अंशांना किती व्हायला हवा ते तूच काढ. घड्याळ मध्येच आपोआप सुरू होत असेल, तर वारा माइकवर येतोय, ॲपमधली आवाजाची मर्यादा थोडी वाढव. एकच मोजमाप घेऊन थांबू नकोस. पुष्कळदा घे, सगळे आकडे लिहून ठेव आणि मग सरासरी काढ.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. प्रयोगवही ती चॅटबॉटला विचारून लिहिते. निरीक्षणांचे तक्तेसुद्धा! ओरडू की सोडून देऊ?
– एक पालक, ठाणे

ताई, ओरडू नका, पण सोडूही नका. प्रात्यक्षिकाचे २० गुण कसेही मिळून जातील. प्रश्न त्यांचा नाही. निरीक्षण म्हणजे जे आपण पाहिलं ते, न पाहिलेलं लिहायचं नाही, ही सवय याच वयात लागते.

तिला ओहमच्या नियमाचा (विद्युतदाब वाढवला की प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो) प्रयोग शाळेत पुन्हा करू द्या, किंवा दोन सेल आणि एक मल्टिमीटर घरी आणून द्या. तिचे खरे आकडे आणि चॅटबॉटने दिलेले आकडे एकाच आलेखावर मांडायला सांगा. चॅटबॉटचे बिंदू बहुधा सरळ रेषेवर नीट बसतील, तिचे थोडे इकडेतिकडे पडतील. आता तिने चॅटबॉटला विचारावं : ‘माझे बिंदू रेषेवर का आले नाहीत?’ जोडणी सैल असेल, वायर तापली असेल, मीटर वाचताना डोळा तिरका असेल. ती कारणं घेऊन तिने पुन्हा जोडणी तपासावी. चॅटबॉट असा वापरला तर माझी काहीच हरकत नाही. आधी हाताने मोजायचं, मग विचारायचं.

प्रश्न : आमच्या गावात नेटवर्क येतं-जातं. व्हॉट्सॲपवर फोटो कसाबसा जातो. अशा शाळेत तंत्रज्ञानाने विज्ञान शिकवणं म्हणजे काय करायचं?
– विज्ञान शिक्षक, सोलापूरजवळील एक गाव

सर, फेटची सिम्युलेशन्स एकदा डाउनलोड केली की ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालतात. आकाश दाखवणारं ‘स्टेलेरियम’ही तसंच. तालुक्याला गेलात की पेनड्राइव्हवर घेऊन या.

पण तुमच्या व्हॉट्सॲपमधूनच एक फार मोठा प्रयोग होऊ शकतो. जळगावजवळच्या एका शाळेने मला असंच विचारलं होतं. जळगाव आणि सोलापूर जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत आणि सरळ रेषेत सुमारे ३७० किलोमीटर दूर. दोन्ही शाळांनी २२ डिसेंबरला एक मीटरची काठी ओळंब्याने उभी करावी आणि मध्यान्हीच्या आसपास दर पाच मिनिटांनी सावली मोजावी. सगळ्यात छोटी सावली धरायची. सोलापूरला ती सुमारे ८७ सेंटिमीटर भरेल, जळगावला सुमारे ९८. सावली भागिले काठी म्हणजे काठी आणि सूर्यकिरण यांच्यातल्या कोनाचं टॅन, दहावीच्या मुलांना त्यावरून तो कोन काढता येतो. दोन कोनांतला फरक साधारण ३.३५ अंश येतो. ३.३५ अंशांना ३७० किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात पृथ्वीचा परीघ काढला तो असाच. तुमची मुलं ४०,००० किलोमीटरच्या जवळ पोचतील.

पण एकीकडे सावली एक सेंटिमीटरने चुकली, तर उत्तर सुमारे दहा टक्क्यांनी बदलतं. म्हणून काठी ओळंब्यात आहे का, जमीन पाणसळीने सपाट आहे का, सावलीची फिकट कड कुठे धरायची, हे मुलांनी आठवडाभर आधी ठरवून दोन्ही शाळांनी एकमेकांना कळवावं. अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजा, रस्त्याचं घेऊ नका. त्या दिवशी ढग आले तर दुसऱ्या दिवशी करा, मात्र दोघांनी एकाच दिवशी.

जळगावच्या शिक्षकांची संमती मी घेतली आहे, त्यांचा नंबर तुम्हाला टपालाने पाठवते. दोन्ही शाळांतले आकडे, जुळोत वा न जुळोत, माझ्याकडे पाठवा. जानेवारीच्या अंकात सगळे छापू.