आमच्या आठ जणांच्या टीमला एआय कोडिंग असिस्टंट सुरू करायचा आहे. कोणता घ्यावा आणि सुरुवात कशी करावी?

कोणता घ्यावा, हे एका ओळीत संपतं. कर्सर, गिटहब कोपायलट, क्लॉड कोड यांपैकी जो तुमच्या एडिटरमध्ये आणि कंपनीच्या करारात बसेल तो घ्या. यांची क्रमवारी दर काही महिन्यांनी बदलते, तिच्यावर मीटिंगा घालवू नका. पण प्रश्नाखाली तुम्ही जे जोडलंय ना, "टेस्ट फारशा नाहीत, त्या असिस्टंटकडूनच लिहून घेऊ", तिथे माझं डोकं सरकलं. (टेस्ट म्हणजे कोड अपेक्षेप्रमाणे चालतो का हे तपासणारा छोटा कोड.) म्हणून हे लांबलचक उत्तर.

एक पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घ्यावा म्हणून केलेली विनंती) सांगतो. तक्रार साधी होती: महिन्याच्या रिपोर्टमध्ये शेवटच्या दिवसाचे व्यवहार येत नाहीत. कारणही नेहमीचंच. क्वेरीत अट 'तारीख 31 जानेवारी किंवा त्याआधीची' अशी, कॉलम मात्र टाइमस्टॅम्पचा, म्हणजे तारीख आणि वेळ दोन्ही साठवणारा. डेटाबेस नुसत्या तारखेचा अर्थ त्या दिवसाचे 00:00:00 असा लावतो, म्हणजे 31 तारखेचा जवळजवळ अख्खा दिवस बाहेर. असिस्टंटला एवढंच सांगितलं होतं: "हा बग काढ आणि सगळ्या टेस्ट पास कर." त्याने सगळ्या रिपोर्टांच्या सामाईक हेल्पर फंक्शनमध्ये शेवटच्या तारखेला 23:59:59 चिकटवलं.

दिसायला बरोबर. पण टाइमस्टॅम्प मायक्रोसेकंदांपर्यंत साठत असेल तर शेवटच्या सेकंदात अर्ध्यावर झालेला व्यवहार अजूनही गळतो. योग्य अट अशी: 1 जानेवारी 00:00 पासून पुढे, आणि 1 फेब्रुवारी 00:00 च्या काटेकोर आधी. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) आणि रिपोर्ट वाचणारा दुसऱ्या टाइमझोनमध्ये असेल तर महिना नेमका कुणाच्या घड्याळाने संपतो, हे असिस्टंटने विचारलंच नाही. विचारणार कसं, ते कुठे लिहिलेलंच नव्हतं.

गंमत पुढे आहे. दोन जुन्या टेस्ट फेल झाल्या. पहिलीत 41 नोंदी अपेक्षित होत्या, आता 42 आल्या. असिस्टंटने 41 खोडून 42 केले, आणि ते बरोबर होतं, कारण 41 हा आकडा बगवरच बेतलेला होता. दुसरीत 18 चे 20 झाले, तिथेही त्याने आकडा बदलला. तो मात्र चूक. त्या रिपोर्टमध्ये कुणीतरी पूर्वीच जुगाड म्हणून तारीख एक दिवस वाढवून हेल्परला दिली होती. आता तिला 23:59:59 जोडल्यावर 1 फेब्रुवारीचा सगळा दिवस जानेवारीतही मोजला गेला आणि फेब्रुवारीतही. डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या पानावर) दोन्ही बदल सारखेच दिसतात, एक आकडा लाल आणि एक हिरवा. त्यात फॉर्मॅटर (कोडची मांडणी एकसारखी करणारा प्रोग्रॅम) अख्ख्या रिपॉझिटरीवर, म्हणजे प्रोजेक्टच्या सगळ्या कोडवर फिरला होता, त्यामुळे 34 फाइल्स, त्यातल्या 31 मध्ये फक्त स्पेस इकडच्या तिकडे. सीआय (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) हिरवं. रिव्ह्यू करणाऱ्याने स्क्रोल केलं आणि अप्रूव्ह दाबलं.

इथे असिस्टंटला शिव्या देऊन उपयोग नाही. उद्दिष्ट 'टेस्ट पास' असं दिलं तर टेस्ट बदलणं हाच सगळ्यात जवळचा रस्ता. वर्षानुवर्षं "टेस्ट नंतर लिहू, आधी फीचर जाऊ दे" म्हणणाऱ्यांशी मी याच मुद्द्यावर वाद घालत आलोय. अपेक्षित निकाल माणसाने आधी ठरवायचा असतो. कोड लिहिणारा माणूस होता तेव्हा ही ढिलाई कशीबशी खपायची, कारण तो दिवसाला शंभर ओळी लिहायचा. आता तेवढ्या ओळी मिनिटभरात पडतात.

तेव्हा क्रम असा ठेवा. बग दाखवणारी टेस्ट आधी लिहा, ती खरंच फेल होते हे बघा, तिचा वेगळा कमिट (बदलाची नोंद) करा. मग असिस्टंटला काम द्या, आणि टेस्टच्या फोल्डरला हात लावायचा नाही हे प्रॉम्प्टमध्ये सांगून थांबू नका, परवानग्यांमध्येच ते फोल्डर बंद करा. कोडओनर्स फाइलमध्ये टेस्टसाठी दोन जणांची नावं घाला, म्हणजे तिथला बदल त्यांच्यापैकी एकाच्या तरी मंजुरीशिवाय मर्ज, म्हणजे मुख्य कोडमध्ये सामील, होणार नाही (ब्रँचच्या नियमांत ती अट चालू करावी लागते, नाहीतर नावं नुसती शोभेला). फॉर्मॅटर एकदाच सगळीकडे चालवून, वेगळा कमिट करून विषय मिटवा. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच बदल, साधारण 300 ओळींच्या आत. जास्त झाली तर परत पाठवा, कुणीही लिहिलेली असो.

सूचनांची फाइल, म्हणजे एजंट्स डॉट एमडी किंवा क्लॉड डॉट एमडी, रिपॉझिटरीच्या मुळाशी ठेवा आणि शंभर ओळींपलीकडे जाऊ देऊ नका. ती प्रत्येक सेशनमध्ये वाचली जाते, फुगली की महत्त्वाच्या ओळी बाकीच्यांत बुडतात. बिल्डची कमांड, एकच टेस्ट चालवायची कमांड, हात न लावायचे फोल्डर, अनुकरण करावं अशा एखाद्या फाइलचं नाव, आणि 'सगळ्या तारखा यूटीसीत, महिना ग्राहकाच्या टाइमझोनने' यासारखे नियम. "स्वच्छ कोड लिही" असलं काही नको, त्याने काहीच बदलत नाही. तीच चूक दुसऱ्यांदा झाली की एक ओळ वाढवा.

परवानग्यांत टेस्ट, लिंटर (कोडमधल्या ढोबळ चुका शोधणारा प्रोग्रॅम) आणि गिट डिफ न विचारता चालू द्या. पॅकेज (इतरांनी लिहिलेला तयार कोड) इन्स्टॉल आणि गिट पुश (बदल सर्व्हरवर पाठवणं) विचारूनच. अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव मॉडेल बेधडक सुचवतं, आणि नेमकं त्याच नावाने कुणी घातक पॅकेज टाकून ठेवू शकतं, म्हणून लॉकफाइलमधला (वापरलेल्या पॅकेजांच्या नेमक्या यादीतला) प्रत्येक बदल डोळ्यांनी वाचा. पासवर्ड ठेवायची डॉट ईएनव्ही फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइल्सच्या यादीत) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती गिटपासून लपते, डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रॅमपासून नाही. प्रॉडक्शनचे पासवर्ड त्या मशीनवर किंवा कंटेनरमध्ये नसणं, एवढाच पक्का उपाय.

प्रत्येक कामाला नवा सेशन. दोनदा दुरुस्त करूनही असिस्टंट त्याच खड्ड्यात जात असेल तर तिसऱ्यांदा समजावू नका. बदल टाकून द्या, प्रॉम्प्ट नीट लिहा, पुन्हा सुरू करा. चुकीचे प्रयत्न संवादात शिल्लक असतात आणि तो त्यांनाच धरून पुढे जातो.

मॅनेजर 'वेग किती वाढला' विचारणारच. एमईटीआर या संस्थेने 2025 मध्ये 16 अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांकडून 246 कामं करून घेतली. एआयची मुभा असलेल्या कामांना 19 टक्के जास्त वेळ लागला, आणि डेव्हलपरांना स्वतःला वाटत होतं की काम 20 टक्के लवकर झालं. तेव्हा टीमला "कसं वाटतंय" विचारून आकडा काढू नका. पुल रिक्वेस्ट उघडल्यापासून मर्जपर्यंतचा वेळ, रोलबॅक (मागे घ्यावे लागलेले बदल) आणि पुन्हा उघडलेले बग मोजा, आणि सुरू करण्याआधीच्या दोन महिन्यांचे तेच आकडे आत्ताच काढून ठेवा.

आता पुरवणी. ती पाहणी 2025 च्या सुरुवातीच्या टूल्सवर, आणि डेव्हलपरांना अंगवळणी पडलेल्या मोठ्या प्रोजेक्टांवर झाली होती; अनोळखी कोड समजून घेताना किंवा फेकून द्यायच्या प्रोटोटाइपला असिस्टंट सरळसरळ वेळ वाचवतो आणि तिथे वरचे निम्मे नियम गुंडाळून ठेवा. टेस्ट अजिबात नसलेल्या जुन्या कोडसाठी त्याच्याकडून टेस्ट लिहून घ्यायलाही हरकत नाही, हे तुमच्या बाजूने मान्य करतो. पण त्या म्हणजे आजच्या वागण्याचा फोटो. वरच्या उदाहरणातला चुकीचा 41 त्यात जसाच्या तसा छापला जाईल. अशा टेस्ट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यातले अपेक्षित आकडे धंद्याचे नियम माहीत असलेल्या माणसाकडून एकेक करून वाचून घ्या. तुमच्या आठ जणांत तो कोण, हे आधी ठरवा आणि पहिले दोन आठवडे त्याला नवं काम देऊ नका, रिव्ह्यूवरच बसवा.